दर जनरल क्लीनिंगनंतर फॅनचं बेअरिंग तापतंय? ऑईल पॉकेट कुठं पाडलीत ते आधी बघा

तक्रार आधी सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ जायला नको.

साखर कारखान्याचा बॉयलर, त्याचा आयडी फॅन, म्हणजे धूर बाहेर ओढणारा पंखा. शाफ्ट ११० मिलिमीटर, बेअरिंग दोन अर्ध्या तुकड्यांचं, आत व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातूचा थर), तेल वर आणायला रिंग. एरवी तापमान ५८ ते ६२ अंश. कारखाना जनरल क्लीनिंगला थांबतो, परत चालू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मोटरकडचं बेअरिंग चढायला लागतं. ७०, ७४, ७९. ऐंशीला घंटा वाजते आणि पाठोपाठ माझा फोन. "अण्णा, परत तापलंय ओ." मग उघडायचं, खरवडायचं, बंद करायचं. पुढच्या क्लीनिंगपर्यंत गुण. एका हंगामात हे तीनदा झालं.

चूक माझी होती. बेअरिंग माझ्याच कुपवाडच्या शेडमध्ये नवीन मेटल ओतून भरलेलं, त्यातली पॉकेट, म्हणजे तेल धरायचे खड्डेही मीच पाडलेले. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही.

पॉकेट का पाडली, ते समजायला थोडं मागं जावं लागेल. आमच्याकडं हंगामाच्या तोंडावर गुऱ्हाळवाले चरकाचे गनमेटल बुश घेऊन येतात. चरकाचा रूळ मिनिटाला दहा-बारा फेरे घेतो, वरून उसाचा दाब, बाजूनं रस गळतोय, ग्रीस धुऊन जातंय. पंधरा दिवसांत बुश ओरखडून मोकळा. चार वर्षांपूर्वी मी एका बुशाच्या आत ग्राइंडरच्या गोल बरनं (लहान गोल कटरनं) ओळीनं खड्डे पाडले, त्यात ग्रीस भरून दिलं. तो बुश अख्खा हंगाम चालला. मग गुळव्यांच्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो? पुढच्या वर्षी आष्ट्यापासून कराडपर्यंतचे बुश माझ्या टेबलावर.

तर डोक्यात पक्कं बसलं होतं की पॉकेट पाडलं की तेल धरतं, तेल धरलं की बेअरिंग जगतं. कारखान्याचा बेअरिंगचा खालचा अर्धा भरायला आला, तेव्हा आपण यांना जरा जास्तच चांगलं काम करून देऊ, असं वाटलं. सहा मिलिमीटरच्या बॉल बरनं सगळ्या खालच्या अर्ध्यावर पॉकेट पाडली. प्रत्येक तीन मिलिमीटर रुंद, सुमारे ०.४ मिलिमीटर खोल, दोन पॉकेटांत सहा मिलिमीटर अंतर. शिवाय त्याच खालच्या अर्ध्यात चरकाच्या बुशाला देतो तसा फुलीचा चर. दिसायला इतकं सुंदर की मी फोटो काढून ठेवला.

आधी काय काय बदलून बघितलं

पहिल्यांदा तापलं तेव्हा संशय तेलावर. व्हीजी ६८ होतं, ते काढून त्याहून जाड व्हीजी १०० घातलं. गुण आला. चीफ साहेब खूश, तेलवाला खूश. पुढच्या क्लीनिंगनंतर परत तेच. उलट डिसेंबरच्या पहाटे झाकण उघडून बघितलं तर जाड तेलात रिंग अडखळत फिरत होती. रिंगवर चालणाऱ्या बेअरिंगला जाड तेल दिलं की रिंग मंदावते आणि वर येणारं तेलच कमी होतं, हे विसरू नका. परत ६८ वर आलो.

दुसऱ्यांदा क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट. शिशाची तार ठेवून, बोल्ट आवळून, उघडून मोजली: ०.१२. शंभर मिलिमीटरच्या शाफ्टला एक दशांश मिलिमीटर, हा आमच्या लाइनीतला जुना हिशोब, त्यात बसणारं माप. तरी वरच्या शिमचा (दोन अर्ध्यांमधल्या पातळ पट्टीचा) एक पत्रा वाढवला. गुण आला. पुढच्या क्लीनिंगपर्यंत.

तिसऱ्यांदा अलाइनमेंट. डायल गेज लावून मोटर आणि फॅनचं कपलिंग सरळ रेषेत आहे का बघितलं, चार शतांश फरक निघाला, तो काढला. परत गुण.

इथं मला थांबून विचार करायला पाहिजे होतं, पण हंगामात विचार कोण करतो? तिन्ही वेळा वेगवेगळा उपाय आणि तिन्ही वेळा गुण, याचा अर्थ गुण त्या उपायानं येत नव्हता. तिन्ही वेळा आम्ही एक काम सारखं केलं होतं. बेअरिंग उघडलं, घासलेलं मेटल स्क्रेपरनं काढलं, पॉकेटांच्या कडा साफ केल्या, रॉकेलनं धुतलं. रोग तिथं होता आणि अर्धा उपचारही नकळत तिथंच होत होता. श्रेय मात्र एकदा तेलाला, एकदा शिमला, एकदा डायलला.

आणि सगळ्यात मोठा साक्षीदार दीड मीटरवर उभा होता. फॅनच्या दुसऱ्या टोकाचं बेअरिंग. तेच तेल, तीच बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख, रोटरचं तेवढंच वजन. ते जुनं, माझा हात न लागलेलं, आत सपाट. ते अख्ख्या हंगामात साठच्या वर गेलं नाही. बघणाऱ्यांनी आपल्या शेजारचं न तापणारं बेअरिंग आधी उघडून बघावं. बिघडलेलं बघण्यापेक्षा चांगलं बघून जास्त कळतं.

चौथ्यांदा उघडलं तेव्हा काय दिसलं

चौथ्या वेळी मी कोणालाही हात लावू दिला नाही. खालचा अर्धा तसाच उचलून खिडकीपाशी नेला आणि तिरप्या उजेडात धरला.

प्रत्येक पॉकेटच्या एकाच काठाला चंद्रकोरीसारखी चकाकी होती. शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्या दिशेचा काठ. तिथलं व्हाइट मेटल ओढलं जाऊन पुढं एक-दोन मिलिमीटर शेपटीसारखं पसरलेलं. तळाच्या ओळींत या शेपट्या ठळक, वरच्या कडेला जवळपास नाहीत. फुलीच्या चरात काळा लगदा. बोटावर घेऊन चोळला तर काजळासारखा मऊ लागला, पण मध्येच कचकच. तेल, राख आणि व्हाइट मेटलचा भुगा. पॉकेटांतही तोच लगदा घट्ट बसलेला, काही ठिकाणी खिळ्यानं उकरावा लागला.

आता क्लीनिंगशी संबंध लागला. फॅन चालू असताना लगदा गरम तेलात फिरत राहतो. फॅन थांबला, शाफ्ट खाली बसला, बेअरिंग थंड झालं की तो पॉकेटांत आणि चरात बसतो. दोन दिवसांनी फॅन सुरू होतो, तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांत तेलाचा थर अजून तयार झालेला नसतो. शाफ्ट काठांवर घासतो आणि लगदा बाहेर ओढतो. त्या एका सुरुवातीत काठ फुलतात. पुढचे तीन-चार दिवस फुललेले काठ आधीच पातळ असलेल्या थरात घुसत राहतात. मग घंटा.

पण थर आधीच पातळ का होता? मूळ प्रश्न हा.

दीड शतकाचा जुना बूच

इंग्लंडमध्ये बोशाम्प टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. १८८३ ची गोष्ट. ॲक्सल खाली तेलात बुडालेला, बेअरिंगचा पितळी अर्धा वर, म्हणजे भार वरच्या मध्यावर. त्यानं वंगणाची सोय करायला बरोबर त्याच मध्यावर भोक पाडलं. ॲक्सल फिरायला लागला तर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. बूच मारला, तर बूच हळूहळू वर सरकून बाहेर आला. तेलाच्या थरात इतका दाब तयार होत होता की त्यानं लाकडी बूच ढकलून दिला. पुढं १८८६ ला ऑसबोर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं: शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट पुढं पुढं निमुळती होत जाते, फिरणारा शाफ्ट तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढतो, तेल कोंडतं, दाब चढतो आणि शाफ्ट तेलावर तरंगतो. पाचर मारल्यासारखं.

टॉवरनं जिथं भोक पाडलं तिथंच मी फुलीचा चर पाडला होता. माझ्या फॅनमध्ये भार खाली, त्यामुळं दाबाची जागा तळाला. तिथं कोंडलेलं तेल चरातून बाजूला निसटत होतं. पॉकेट एकमेकांना जोडलेली नसती तर निदान तेल कोंडलेलं तरी राहिलं असतं. पण माझी फुली सहा-सात पॉकेटांतून गेलेली आणि तिची टोकं बेअरिंगच्या कडेपासून जेमतेम आठ मिलिमीटरवर. नळाच्या पाइपाला भोकं पाडून टाकीत पाणी का चढत नाही म्हणून विचारण्यातला प्रकार.

आकड्यांत सांगतो. शाफ्ट ११० मिलिमीटर, ९८० आरपीएम, म्हणजे पृष्ठभाग सेकंदाला साडेपाच मीटरहून जास्त पळतो. रोटर सुमारे २४०० किलो, निम्मा भार एका बेअरिंगवर, बेअरिंग ११० लांब. चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो. एका बाजूची फट ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेल चांगलं मिळालं तर सत्तर-ऐंशी अंशांना सगळ्यात पातळ जागी थर ३० मायक्रॉनच्या आसपास यायला हवा. माणसाचा केस याच्या दुप्पट जाड. हे बेअरिंग सपाट असतं तर आरामात तरंगलं असतं, शेजारचं तरंगतच होतं.

३० मायक्रॉनच्या थराखाली माझं पॉकेट ४०० मायक्रॉन खोल. तेरापट.

मग टेक्स्चरिंग म्हणतात ते खोटं का?

टेक्स्चरिंग म्हणजे तेलासाठी पृष्ठभागावर मुद्दाम पाडलेल्या बारीक खळ्या-रेघा. ते खोटं नाही, फक्त मापाचं आणि जागेचं आहे. इंजिनाच्या लायनरला होनिंगच्या तिरप्या रेघा असतात, त्या तेल धरायलाच. लेथच्या स्लाइडवर जुने मिस्त्री स्क्रेपरनं चौरस इंचाला वीस-पंचवीस टेकणारे ठिपके काढतात, मधल्या खोलगट जागांत तेल राहतं. आमच्या सांगलीतल्या जुन्या फिटर लोकांच्या हातचं स्क्रेपिंग बघितलंय त्यांना टेक्स्चरिंग हा शब्द नवा असेल, काम नवं नाही.

पृष्ठभागावरच्या बारीक उंच-सखलपणानं तेलात दाब तयार होतो, हे १९६६ मध्ये हॅमिल्टन, वालोविट आणि ॲलन यांनी मांडलं. १९९० च्या दशकात इस्रायलच्या टेक्निऑनमध्ये इझाक एत्सिऑन यांनी लेसरनं बारीक खळ्या पाडून मेकॅनिकल सीलच्या (फिरत्या शाफ्टपाशी गळती अडवणाऱ्या सीलच्या) तोंडांवर हे करून दाखवलं. त्या खळ्या साधारण शंभर मायक्रॉन रुंद आणि पाच-दहा मायक्रॉन खोल असतात. माझ्या पॉकेटशेजारी त्या ठेवल्या तर विहिरीशेजारी बशी.

त्या बशीत होतं काय? तेल खळीत शिरताना जागा वाढते, दाब पडतो. पण तेलाचा दाब एका मर्यादेखाली जाऊ शकत नाही, तिथं बुडबुडे धरतात. खळीतून बाहेर पडताना जागा परत आवळते, दाब चढतो, आणि चढायला अशी कुठलीच मर्यादा नाही. म्हणजे पडलेल्यापेक्षा चढलेला दाब जास्त. एका खळीला हे नगण्य, हजारो खळ्यांना मिळून उचल मिळते. पण हे घडायचं तर खळीची खोली थराच्या जाडीच्या हिशोबातच पाहिजे. फार खोल खळीत तेल नुसतं गोल गोल फिरत बसतं, कोंडत नाही.

लॉर्ड रॅलेनं १९१८ मध्येच याचा एक साधा हिशोब केला होता. सपाट सरकत्या पट्टीला एकच पायरी द्यायची असेल तर सगळ्यात जास्त भार कधी पेलला जाईल? उत्तर असं: आत शिरण्याच्या बाजूची फट बाहेर पडण्याच्या बाजूच्या साधारण १.८७ पट, आणि शिरण्याकडचा जवळजवळ ७२ टक्के भाग खोल, बाहेरचा २८ टक्के सपाट. म्हणजे ३० मायक्रॉनचा थर असेल तर पायरी पंचवीस-सव्वीस मायक्रॉन, आणि तीही शिरण्याच्या बाजूला. शेवटचा भाग सपाट हवा, कारण दाब अडवून धरतो तो तोच.

शिवाय हा हिशोब दोन समांतर पृष्ठभागांचा. सीलची तोंडं, थ्रस्ट कॉलर, स्लाइड, जिथं आपोआप पाचर तयार होत नाही तिथं खळ्या पाचर उसनी आणून देतात. गोल शाफ्टच्या बेअरिंगला पाचर जन्मजात असते. शाफ्ट मध्यापासून थोडा सरकतो की झाली पाचर. तिथं भाराच्या जागी खळ्या पाडल्या तर मिळायचं कमी आणि जायचं जास्त. फॅनच्या बेअरिंगला टेक्स्चर द्यायचंच असेल तर तेल शिरतं त्या बाजूला, हलक्या हातानं. भाराच्या पट्ट्यात नाही, आणि सगळीकडं तर कधीच नाही.

चरकाचा बुश का जगला, मग?

कारण तिथं पाचरीचा खेळच नाही. ७५ मिलिमीटरचा शाफ्ट, बारा आरपीएम. पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर पळतो. फॅनच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी. इतक्या कमी वेगात आणि त्या भारात पूर्ण थर उभा राहत नाही. घर्षणाचं हे वेगाप्रमाणं बदलणं स्ट्रिबेकनं १९०२ मध्ये मोजून दाखवलं: अगदी हळू असताना धातू धातूला टेकतो, मग मिश्र, मग पूर्ण थर. चरक कायम पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात राहतो, फॅन सुरू-बंद होतानाच त्या टप्प्यांतून जातो. हळू चालणाऱ्याला पॉकेट म्हणजे ग्रीसची शिदोरी, थर फुटला की थोडं थोडं पुरवते. ब्राँझच्या बुशात ग्राफाइटचे गोळे ठोकलेले मिळतात, कल्पना तीच.

इथं माझ्या हातून आणखी एक गोष्ट सुटली होती, ती चरकाच्या निमित्तानं सांगून टाकतो. वरच्या रुळाला ऊस वर ढकलतो. त्यामुळं पिळताना त्याच्या बुशावर भार वरच्या अर्ध्यावर येतो, खालच्या नाही. बहुतेक चरकांना ग्रीस निपल वरती मध्यावर असतो, कारण तिथं पंप लावायला सोपं पडतं. म्हणजे परत टॉवरचं भोक. ग्रीस नेमकं दाबाच्या जागी घालायचा प्रयत्न करायचा आणि मग "अण्णा, निपल चोक झालाय" म्हणायचं. निपल बाजूला घ्या, भार नसेल तिथं. चोक होणं बंद होतं.

फॅनचं काम कसं केलं

जुनं मेटल वितळवून काढलं, शेल घासून कल्हई केली, गरम करून नवीन मेटल ओतलं. ओतायच्या तापमानाला मी अजून पाइनच्या काठीनं बघतो: बुडवली की तपकिरी व्हावी, पेट घेऊ नये. गार झाल्यावर अर्धा रॉकेलात रात्रभर ठेवला, पुसून जोडाच्या कडेला खडू लावला. खडू ओला झाला नाही. म्हणजे मेटल शेलला धरलंय. ही तपासणी कोणी टाळू नये; न धरलेलं मेटल तापमान बाहेर जाऊ देत नाही, आणि तोही ताप अगदी असाच दिसतो.

बोअर केलं, शाफ्टला निळं (टेकलेली जागा दाखवणारा रंग) लावून बसवलं. तळाच्या साठ अंशांच्या पट्ट्यात टेकलेले ठिपके लांबीभर सारखे यावेत इतकं खरवडलं. त्या पट्ट्यात चर नाही, पॉकेट नाही, काही नाही. दोन्ही सांध्यांजवळ बाजूची मोकळीक नेहमीसारखी दिली, पण दोन्ही टोकांना पट्टी सोडून, म्हणजे तेल बाजूनं वाहून जायला नको. रिंगच्या खाचेच्या कडा गोल केल्या. टोकदार कड तेल खरवडून टाकते आणि ते पुढं जातच नाही. जुन्या बेअरिंगमध्येही ही चूक सर्रास असते.

मोकळीक संपते आणि टेकणारा पट्टा सुरू होतो, त्या दोहोंच्या मधल्या बोटभर जागेत, फक्त तेल शिरणाऱ्या बाजूला, स्क्रेपरच्या हलक्या तिरप्या खुणा दिल्या. नखाला जाणवतील न जाणवतील इतक्याच. प्रत्येक खुणेचा उठलेला काठ बारीक स्टोननं मारला. काठ मारणं हे खुणा देण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लेसरनं पाडलेल्या खळ्यांचाही वितळून उठलेला काठ काढावा लागतो, आपला स्क्रेपर तर धातू ढकलतोच.

शाफ्टही सोडला नाही. आधीच्या तीन रगड्यांत त्यावर बारीक ओरखडे आले होते. गोलाकार दिशेनं पट्टी फिरवून ०.४ मायक्रॉन Ra (खरबरीतपणाचं माप) पर्यंत आणला. आडवी पट्टी मारू नका. शाफ्टच्या लांबीच्या दिशेची प्रत्येक रेघ म्हणजे एक लहान चाकू.

आणि शाफ्ट बेअरिंगमधून बाहेर येतो तिथला, राख अडवणारा फेल्ट बदलला, कारण राख येतच राहिली तर सपाट बेअरिंगही किती दिवस टिकणार.

फॅन सुरू केला. पहिल्या दिवशी ६१, आठवड्यानं ५८. त्यानंतर दोन जनरल क्लीनिंग झाल्या, हंगाम मार्चमध्ये संपला. घंटा वाजली नाही. आता प्रामाणिकपणे: त्या शिरणाऱ्या बाजूच्या खुणांचा यात किती वाटा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझा अंदाज, नव्वद टक्के काम भाराचा पट्टा सपाट केल्यानं झालं. खुणा ठेवल्या कारण सुरुवातीच्या फेऱ्यांना थोडं तेल हाताशी राहील. हंगामानंतर उघडलं तेव्हा खुणा तशाच होत्या, त्यात लगदा नव्हता, पट्ट्यावर एकसारखी राखाडी झाक. चंद्रकोरी कुठंच नाहीत.

तुमचं बेअरिंग असंच वागत असेल तर

उघडण्याआधी तापमानाची वही काढा आणि प्रत्येक चढाच्या मागं फॅन कधी थांबला होता ते लिहा. चढ थांब्यानंतर येत असेल तर तेलाच्या डब्याकडं नंतर बघा, पृष्ठभागाकडं आधी. चढ थांब्याशी न जुळता दुपारच्या उन्हाशी किंवा भाराशी जुळत असेल, तर गोष्ट वेगळी; तिथं थंडाव्याचं पाणी, तेलाची पातळी, रिंगचा वेग बघा. रिंग झाकणातून दिसते, तिच्यावर खडूची खूण करून फेरे मोजा, आणि रिंग लंबगोल झालीय का तेही बघा.

उघडल्यावर पुसू नका. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं, कारण तीन वेळा मी स्वतः पुरावा रॉकेलनं धुतला. तसाच उजेडात धरा. चकाकी कुठं आहे, कुठल्या काठाला आहे, शेपटी कुठल्या दिशेला आहे. लगदा कापडावर घ्या, चोळून बघा, चुंबकाला लावा. चिकटला तर शाफ्टचं लोखंड झिजतंय, नाही चिकटला तर व्हाइट मेटल आणि राख.

तळाच्या पट्ट्यात चर किंवा खोल पॉकेट दिसली आणि हंगाम अर्ध्यावर असेल, नवीन भरायला वेळ नसेल, तर निदान दोन गोष्टी करा: चराची टोकं बेअरिंगच्या कडेपासून आत बंद आहेत का बघा, आणि सगळे काठ स्टोननं मारा. यानं बेअरिंग बरं होत नाही, पुढच्या थांब्यापर्यंत पोचतं. पॉकेटांत सोल्डर किंवा एम-सील भरायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. मी एका रात्री केला होता. त्या रात्रीबद्दल जास्त लिहीत नाही.

परवा एका गुऱ्हाळवाल्या पाव्हण्याचा फोन आला. कारखान्यातली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती, अर्थात उलटी होऊन. "अण्णा, तुमी म्हणं खड्डं पाडायचं बंद केलंय. माझ्या बुशातलं पण बुजवायचं का?"

म्हटलं, तुझं राहू दे. बुश काढ, खड्ड्यांच्या कडा बोटानं चाचपून बघ, टोचली तर घेऊन ये, गोल करून देतो. कडेपासून दहा मिलिमीटरच्या आत एकही खड्डा नको, नाहीतर रस आत ओढशील. आणि वरच्या रुळाचा निपल अजून डोक्यावर आहे का?

"हाय की."

येताना तेवढं हाउसिंगही घेऊन ये म्हटलं.